नकार द्या, पण नकार म्हणून द्या

"कंपनी खासगी आहे, गिऱ्हाईक निवडणं तिची मर्जी. कारण सांगितलं तर लबाड लोक सावध होतात. पटत नसेल तर दुसरीकडे जा." गिऱ्हाइकाला न सांगता सेवा नाकारणाऱ्या कंपन्यांची बाजू घेणारा हा मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यातलं एकेक वाक्य घेऊ.

'तिची मर्जी.' कायद्याने मनाई केलेला भेदभाव सोडला, तर बऱ्याच अंशी खरं. पण नाकारणं वेगळं आणि नाकारलंय हे लपवणं वेगळं. टॅक्सी ॲपवाल्या उबरचं 'ग्रेबॉल' आठवा, म्हणजे नको असलेल्या गिऱ्हाइकांची यादी करून त्यांना गुपचूप चकवणारी यंत्रणा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये उबर परवानगीविना सुरू झाली. तपासणीसाठी गाडी बोलावणाऱ्या सरकारी माणसांना ॲपवर खोट्या गाड्या फिरताना दिसायच्या, आणि एखादी खरी मिळालीच तर चालक लगेच फेरी रद्द करायचा. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०१७ मध्ये हे उघड केलं. याला मर्जी नव्हे, बनवाबनवी म्हणतात. कंपनीचा खुलासा असा होता, की चालकांना इजा करू पाहणाऱ्यांनाही हे ॲप असंच चकवतं. असेलही. पण आपण यादीत आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, तो 'माझं नाव चुकून आलंय' हे कुणाला सांगणार?

'लबाड सावध होतात.' हा मुद्दा मात्र वजनदार आहे. काळ्या पैशाचा संशय आला तर बँकेने खातेदाराला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, असा नियम अनेक देशांत आहे, आणि तो योग्यच आहे. पण तो अपवाद कायद्याने ठरवलेला आहे, कंपनीने स्वतःपुरता काढलेला नाही. शिवाय लबाडी कशी पकडली हे गुपित ठेवूनही 'सेवा देणार नाही' एवढं सांगता येतंच. अमेरिकेत कर्ज नाकारलं तर कारण देण्याची सक्ती १९७० च्या दशकापासून आहे; म्हणून तिथला कर्जाचा धंदा काही बुडाला नाही. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात तर एखादी पोस्ट गुपचूप मागे ढकलली तरी लिहिणाऱ्याला कारण कळवावं लागतं. फसव्या जाहिरातींचा ढिगाने मारा करणाऱ्यांना त्यातून वगळलंय. म्हणजे लबाड आणि साधा माणूस यांत फरक करता येतो, करायची तयारी हवी.

'दुसरीकडे जा.' जाईल की! पण 'गाडी शोधत आहोत' अशी पाटी समोर फिरत असताना माणूस दुसरीकडे जात नाही, तिथेच ताटकळत उभा राहतो.