कचराडेपोतली माती आणि तुमचा ‘धंदा’

नमस्कार. जलरोधक कपडे कचराडेपोत पडल्यावर त्यांवरचं पीफास (फ्लोरिन असलेली, सहज न मोडणारी रसायनं) मातीत किती उरतं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय : “चाळीसच्या चाळीस पीफास तपासून अहवालात ‘आढळले नाही’ आलं, तर विषय तिथंच संपला. बाकी सगळा लोकांना घाबरवायचा धंदा.” शिवाय पीफास काय फक्त कपड्यांतून येतात का, नमुन्याची खोली आणि खर्च किती, हे विचारून वर ‘आधी पदवी दाखवा’ असंही म्हटलंय.

मतभेद असू देत, पण धंदा? या लिखाणाचा मला कुणी पैसा देत नाही. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायचे आणि वर त्याला परखडपणा म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. माझ्याशी कडाडून भांडलेले वाचक आहेत. त्यांतल्या कुणी ही भाषा वापरली नव्हती.

एक मान्य. पीफास फक्त कपड्यांतून येत नाहीत. गालिचे, तेलरोधक कागद यांतूनही येतात. कुणाचा वाटा किती, हे मिसळलेल्या कचऱ्याखालच्या एका नमुन्यावरून ठरत नाही. तेवढं तुमचं बरोबर.

आता ते चाळीस. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १६३३ क्रमांकाची पद्धत जानेवारी २०२४ मध्ये अंतिम झाली, त्यातला हा आकडा. पद्धत चांगलीच आहे, पण ती यादीतले सुटे रेणू मोजते. कापडावरचं फिनिश, म्हणजे पाणी झटकणारा लेप, तसं नसतं. मी इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये फिनिशिंग खात्यात उमेदवारी केली आहे. पॅडिंग मँगलमध्ये (पिळणाऱ्या रुळांच्या यंत्रात) कापड फ्लुरोकार्बनच्या द्रावणातून पिळून निघतं, स्टेंटरवर (कापड ताणून सुकवणाऱ्या यंत्रावर) तापतं आणि पॉलिमरचा थर धाग्यावर पक्का बसतो. त्या पॉलिमरला फ्लोरिन जोडलेल्या कार्बनच्या साखळ्या लोंबत असतात. मातीत त्या सावकाश तुटतात. जुन्या, आठ कार्बनच्या फिनिशमधून ८:२ फ्लुरोटेलोमर अल्कोहोल सुटतं आणि जिवाणू त्याचं पीएफओए (त्या चाळिसांतलंच एक आम्ल) करतात. टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २०१९ मध्ये गेलं ते हेच पीएफओए. म्हणजे आज चाळिसांच्या यादीत न दिसणारा साठा उद्या यादीतलं रसायन सोडत राहतो.

तो साठा मोजायची सोय आहे. हाउट्झ आणि सेडलक या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मातीचा अर्क अल्कलीत पर्सल्फेटबरोबर ८५ अंशांवर सहा तास तापवतात, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण करतात. लपलेली पूर्वसंयुगं (ज्यांपासून पुढे यादीतली रसायनं बनतात ती) मोजता येण्याजोग्या आम्लांत बदलतात. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक बघायचा. पॉलिमर अर्कात उतरलाच नाही तर हीसुद्धा तोकडी पडते. मग नमुना जाळून एकूण फ्लोरिन मोजतात आणि त्यातून मातीचं स्वतःचं खनिज फ्लोराइड वजा करतात. तुमच्या प्रतिक्रियेत यातलं एक अक्षर नाही.

नमुन्याची खोली आणि खर्च यांबद्दल मूळ लेखात लिहिलेलं आहे, वाचून घ्या. ‘आधी पदवी दाखवा’ला उत्तर देणार नाही. स्टेंटरच्या वाफेत पाळ्या काढलेल्या माणसाला कापडावर काय चढवतात हे कुणी शिकवायला नको.

पुन्हा जरूर लिहा, पण ऑक्सिडीकरणाच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे असलेला अहवाल घेऊन या. ते सारखे निघाले तर मी इथंच तसं छापेन.