मुलाम्याखालचा पहिला थर

विद्युत विलेपनावरील, म्हणजे विजेच्या साहाय्याने एका धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवण्यावरील, जो लेख मी वाचला, त्यात मूळ क्रिया फार नेटकी मांडली आहे. मात्र धनाग्र (विजेच्या धन टोकाला जोडलेला धातूचा तुकडा) नेहमी मुलाम्याच्याच धातूचे असते, हे त्यातील विधान सर्वत्र लागू पडत नाही. तांबे, चांदी आणि निकेल यांची धनाग्रे विरघळत जाऊन द्रावणातील आयनांची (धातूच्या विद्युतभारित कणांची) भरपाई करतात हे खरे. पण क्रोमियमचा मुलामा देण्यासाठीच्या क्रोमिक आम्लाच्या टाकीत धनाग्र शिशाच्या मिश्रधातूचे असते, ते विरघळत नाही, आणि खर्ची पडलेले क्रोमियम वेळोवेळी क्रोमिक आम्ल घालूनच भरून काढावे लागते.

लेखात पहिल्या थराचा उल्लेखही हवा होता. लोखंडी खिळा मोरचुदाच्या (तांब्याच्या निळ्या क्षाराच्या) द्रावणात नुसता बुडवला, तरी विजेशिवाय त्यावर तांबूस थर चढतो आणि फडक्याने पुसताच निघून येतो, कारण तेथे लोखंड स्वतः विरघळून तांब्याला जागा देत असते. म्हणूनच पोलादावर तांब्याचा पहिला पातळ थर सायनाइडयुक्त द्रावणातून देण्याची पद्धत रूढ झाली. त्यात तांब्याचे आयन सायनाइडशी घट्ट बांधलेले असल्याने ही अदलाबदल टळते. हे द्रावण जीवघेणे असते, त्यामुळे कामगारांच्या सुरक्षिततेविषयी आणि सांडपाण्याविषयी चार ओळी लिहिणे मला अत्यावश्यक वाटते.

मोटारसायकलच्या चकाकत्या भागांवर क्रोमियम सहसा एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) कमी जाड असते. गंज अडवते ते त्याखालचे कित्येक पट जाड निकेल. विद्युत प्रवाह कडांवर एकवटत असल्याने खोलगट भागात हे निकेल पातळ बसते, आणि गंजाचे पहिले ठिपके बहुधा तेथेच उमटतात.