हवा भरायला दहा रुपये

आज सकाळी मामांनी माझ्या तळहातावर दहाची नोट ठेवली, माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटून दिली आणि म्हणाले, "जावईबापू, सायकलीत हवा भरा."

ते आठशे रुपये जिंकले होते. त्यातले शंभर माझे. म्हणजे माझ्याच शंभरातले दहा मला परत मिळाले, आणि तेही सगळ्यांदेखत, हातात पोह्यांच्या बश्या असताना. बायको हसली. सासूबाईसुद्धा हसल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला एकदाही जमलेलं नाही ते.

झालं ते एवढंच. ऑफिसात आम्ही सात जण सायकल शर्यतींचे वेडे आहोत. दर मार्चमध्ये प्रत्येकी शंभर काढायचे, जानेवारीपासूनच्या कामगिरीवरून सायकलपटूंची क्रमवारी लावायची आणि इटलीतल्या मिलान-सान रेमो शर्यतीच्या निकालाशी ताडायची. पहिले तीन ज्याचे जुळतील त्याचा गल्ला. यंदा, म्हणजे २०२५ साली, बायको म्हणाली, "मामांनाही घ्या की, रिटायर माणूस आहे, वेळ जाईल." वेळ गेला. माझा.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. राहायला गिरगावात, पण मनाने चाळीस वर्षं महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. शनिवार-रविवार ते आमच्याकडे आले होते. सायकल शर्यत नावाचा प्रकार असतो हे त्यांना शुक्रवारी रात्री जेवताना कळलं. शनिवारी सकाळी कानावर पेन्सिल खोचून ते माझ्यासमोर बसले.

"हं. वजनं सांगा."

"मामा, इथे वजन लावत नाहीत. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये, एवढाच नियम. सगळ्यांना सारखाच."

"सगळ्यांना सारखाच?" त्यांनी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकतच नाहीत? मग फेवरिट रोजच जिंकेल!"

मी म्हटलं, सध्या सगळ्या युरोपाची हीच तक्रार आहे.

"बरं, अंगचं वजन तरी सांगा."

मी सांगितलं. पोगाचर ६६ किलो, विंगेगार्ड ६०, गान्ना ८३.

"त्र्याऐंशी!" पेन्सिल परत हातात आली आणि गान्नाभोवती गोल पडला. "एवढं वजन उगाच नाही टाकलं. काहीतरी बघितलं असणार त्याच्यात."

"अहो मामा, ते त्याचं स्वतःचं वजन आहे."

"तेच म्हणतोय मी."

मग घराणी निघाली. विंगेगार्ड सायकलवर पोट भरायला लागण्याआधी डेन्मार्कात मासळीच्या कारखान्यात कामाला होता, हे ऐकल्यावर मामांचा चेहरा खुलला. "पापलेट की बांगडा?" मी म्हटलं, मामा, तो या शर्यतीत नाहीच, गेल्या आठवड्यात पॅरिस-नीस शर्यतीत पडला आणि शर्यत सोडून गेला. मामांना खरंच वाईट वाटलं. तो पळत नसताना त्याचं नाव काढलंच कशाला, यावरून मला ऐकून घ्यावं लागलं.

"हा तुमचा पहिल्या नंबरचा. बाप कोण?"

"पोगाचरचे वडील खुर्च्यांच्या कारखान्यात होते. आई फ्रेंचच्या शिक्षिका."

मामांनी मान हलवली. "खुर्च्या. बसेल हा."

आता मला राग आला. मी त्यांना इटलीतल्या स्त्रादे बियांके शर्यतीची गोष्ट सांगितली. मार्चची आठ तारीख, तोस्कानातले पांढऱ्या मातीचे रस्ते. शेवट जवळपास पन्नास किलोमीटरवर असताना उतारावर पोगाचर घसरून पडला. जर्सी फाटली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सोलपटून निघालं. तसाच उठला, पुढच्यांना गाठलं, मागे टाकलं आणि सिएनाच्या चौकात एकटा पोचला. त्याआधी फेब्रुवारीत अमिरातीतली शर्यतही त्याचीच. माझ्या सूत्रात तो इतका वर होता की खालचे नऊ जण त्याच्या घरी पाणी भरतील.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पडलेला घोडा त्याच महिन्यात विनला लावू नये. पण दम आहे. प्लेसला ठेवू, पहिल्या तिघांत." आणि त्यांनी पोगाचरला तिसरा लिहिला. जसं काही उपकारच.

शेवटी आलो वान डर पूलवर. माझ्या यादीत तो सहावा होता. आता खरं सांगतो, मन आतून ओरडत होतं की याला वर घे, याने २०२३ साली हीच शर्यत जिंकलीये. पण सूत्र म्हणजे सूत्र. यंदाचंच बघायचं ठरलं होतं. आणि यंदा या गृहस्थाने काय केलं होतं? फेब्रुवारीच्या सुरुवातीला चिखलातल्या सायकलिंगचं सातवं जगज्जेतेपद, जे आमच्या नियमात बसत नाही. मार्चमध्ये बेल्जियमात ल सामँ नावाची एक मध्यम शर्यत. आणि मग इटलीतल्या तिर्रेनो-आद्रियातिको शर्यतीत आठवडाभर नुसतीच हवा खाणं.

"काहीच केलं नाही तिथे?" मामांनी डोळे बारीक केले.

"काही नाही."

"ओढलाय." हा शब्द ते मंत्रासारखा उच्चारतात. घोड्याला मुद्दाम मागे ठेवला, असा त्याचा अर्थ. "ट्रेनर हुशार आहे. आणि चिखलात पळतो म्हणजे पावसाळी ट्रॅकचा घोडा. पुण्याला मारेल." मग आवाज खाली आणून, "बाप कोण?"

मी इथे गप्प बसलो असतो तर आज माझे शंभर रुपये शाबूत असते. पण मला माहितीचा सोस. सांगून टाकलं. वडील आद्री वान डर पूल, १९८६ ची फ्लँडर्सची शर्यत जिंकलेले. आजोबा, म्हणजे आईचे वडील, रेमों पूलिदोर. तूर द फ्रान्समध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत, पण आघाडीवरच्याची पिवळी जर्सी आयुष्यात एक दिवसही अंगावर चढली नाही. आणि मिलान-सान रेमो त्यांनी १९६१ साली जिंकली होती.

मामांनी चष्मा काढला. "आजोबांनी हीच रेस मारली?"

"हीच."

"याच ट्रॅकवर?"

"पोजिओची टेकडी १९६० साली शर्यतीत आली. म्हणजे हो, त्याच चढावरून."

त्यांनी गोलातल्या गान्नापुढे दोन आणि वान डर पूलच्या नावापुढे एक लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि बायकोला हाक मारली, "अगं, चहा टाक. झालं काम." तीन आठवडे मी रात्री जागून जे केलं ते या माणसाने चहाला आधण चढायच्या आत उरकलं.

त्या तीन आठवड्यांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. हंगामाच्या सुरुवातीची क्रमवारी लावणं सोपं नसतं हो. जानेवारीत ऑस्ट्रेलियात जिंकणाऱ्याला किती गुण द्यायचे? रिची पोर्ट विलंगाच्या टेकडीवर २०१४ ते २०१९ अशी सलग सहा वर्षं जिंकला, आणि २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी जुलैत तूर द फ्रान्सच्या नवव्या टप्प्यावर आपटून घरी गेला. २०२३ च्या पॅरिस-नीसमध्ये पोगाचर पहिला, विंगेगार्ड तिसरा. जुलैत तूर द फ्रान्समध्ये त्याच विंगेगार्डने त्याच पोगाचरला ७ मिनिटं २९ सेकंदांनी धुतलं. मधे एप्रिलमध्ये पोगाचरचं मनगट मोडलं होतं, मान्य. पण मनगटाचा रकाना मार्चच्या तक्त्यात कुठून आणायचा? रोग्लिच २०२१ ची पॅरिस-नीस जवळपास खिशात घालून बसला होता. शेवटच्या दिवशी दोनदा पडला, शर्यत गेली. पुढे त्याच वर्षी ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन आला.

यंदाची आल्गार्व्हची शर्यत तर विचारूच नका. १९ फेब्रुवारी, पोर्तुगालमधलं लागोस. शेवट तोंडावर आला आणि गोलचक्करापाशी जवळजवळ सगळा घोळका चुकीच्या रस्त्याने गेला. कठड्याच्या पलीकडून स्प्रिंट मारत होते बिचारे! बरोबर रस्त्याने आलेल्यांत गान्ना पहिला पोचला, आणि आयोजकांनी अख्खा टप्पाच रद्द केला. याचे गुण कसे मोजाल? दोन रात्री विचार करून, बरोबर वळल्याबद्दल मी गान्नाला अर्धा गुण दिला. बायकोने तो रकाना बघितला आणि काही न बोलता दिवा मालवला.

हे सगळं मी मामांना ऐकवलं. प्रत्येक उदाहरणाला त्यांचं एकच उत्तर. "ओढलाय." पोर्टचं ऐकल्यावर म्हणाले, "जानेवारीचा घोडा." मला चीड याची आली की हे बरोबर आहे. प्रशिक्षक लोक हेच जरा लांबण लावून सांगतात: कोण जुलैसाठी राखून आहे, कोण डोंगरावर सराव करून नुकताच उतरलाय, कोण नुसता पाय मोकळे करतोय. आणि माझा तक्ता सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजत बसतो.

काल रात्री फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून शर्यत लावली. २८९ किलोमीटर, सहा तासांच्या वर. मामा दर पाच मिनिटांनी विचारत, "अजून पळतायत?" चिप्रेस्साच्या चढावर पोगाचरने तोफ डागली तेव्हा मी उभा राहिलो. मामा घोरत होते. मागे चिकटून राहिले ते दोघंच, वान डर पूल आणि गान्ना. पोजिओवर पोगाचरने पुन्हा पुन्हा प्रहार केले, गान्ना गळाला, आणि मी, ज्याने त्याला दोन रात्री जागून अर्धा गुण दिला होता तो मी, मनात म्हणत होतो, गळ बाबा, गळ. पण ते ८३ किलोचं धूड उतरणीनंतर सपाटीवर पुन्हा येऊन चिकटलं. शेवटच्या रस्त्यावर, व्हिया रोमावर, तिघं. वान डर पूलने लांबूनच जोर लावला आणि मागच्यांना जवळ येऊच दिलं नाही. गान्ना दुसरा. पोगाचर तिसरा.

रेस संपल्याचं मामांना झोपेतही कळतं बहुतेक. डोळे न उघडता म्हणाले, "आपला आला?"

बायकोने सांगितलं, "तिन्ही आले मामा. ओळीने."

"मग झोपा आता."

दहा रुपये घेऊन मी खाली जाऊच शकत नाही, हे मामांना कुठे माहीत. माझी सायकल गॅलरीत भिंतीला टांगलेली आहे आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये सायकल नेली की वॉचमन शिट्टी वाजवतो, पार्किंगमध्ये ठेवली की 'अडगळ हटवा' अशी चिठ्ठी चिकटते. शेजारी कोणाची तरी फुटलेली कुंडी, दोन गाद्या आणि चार वर्षं न हललेली मोटार बसलेली असते, ती अडगळ नाही. सहाव्या मजल्यावरून खांद्यावर सायकल घेऊन उतरायचं. माझा स्वतःचा हंगाम जानेवारीत तीन फेऱ्या मारून संपला. कोणी ओढलेलं नाही मला, मीच दमलो.

दुपारी सगळे झोपल्यावर सवयीने पोगाचरचं गाव नकाशावर शोधत बसलो. स्लोव्हेनियातलं कोमेंडा. छोटंसं गाव. आणि तिथे काय असावं? घोड्यांचा रेसकोर्स.

मामा संध्याकाळी साडेसहाच्या गाडीने जाणार आहेत. तोवर हे घरात कोणी बोलायचं नाही.