नाशकात मीठ नाही, पण पोटॅश आहे ना दादा!

गाड्यांच्या गंजावरच्या माझ्या लेखावर निफाडच्या दादांची प्रतिक्रिया अशी: नाशकात बर्फ पडत नाही, रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही, त्यांच्या पिकअपला ९ वर्षांत डाग नाही, मग अमेरिकेतल्या गंजक्या गाड्या दाखवून मी इथल्या लोकांना गाडीच्या पोटाला गंजरोधक कोटिंग मारायच्या खर्चात का पाडतोय? वर कमिशनची शंका. दादा, कमिशन मिळत असतं तर माझ्या गाडीचं मडगार्ड तारेनं बांधलेलं नसतं.

आधी चूक कबूल करतो. ‘थंडीनं गाडी गंजते’ असं मी लिहिलं, ते साफ चुकलं. थंडीत गंज उलट मंदावतो. तिकडे मीठ टाकतात, कारण खारं पाणी शून्य अंशाखालीही चटकन गोठत नाही. तोच खारा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो, आणि अशी गाडी उबदार गॅरेजात लावली की गंज आणखी जोर धरतो.

म्हणजे बर्फ नुसता निमित्ताला, खोडी मिठातल्या क्लोराइडची. आणि ते तुमच्या तालुक्यात पोत्यांनी येतं! बागेला घालतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा भाऊ.

पिंपळगावला माझ्या मामांच्या पिकअपची गेल्या श्रावणात हौद्यातली रबरी मॅट उचलली. खाली फुटक्या पोत्यातल्या पोटॅशचे लालसर खडे, पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं तसे ओलेगच्च. डेंटरनं स्क्रूड्रायव्हरनं नुसतं टोकरलं, तर पत्रा पापडासारखा मोडला. शेजारी बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवारणीसाठी आणलेलं मोरचूद सांडलं होतं. रंग खरवडलेल्या जागी तांबूस लेप चढलेला. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळतं. शाळेत आपण हा प्रयोग खिळ्यावर केला, मामांनी अख्ख्या पिकअपवर केला. (मामा हे वाचणार नाहीत, म्हणून लिहितोय.)

कोटिंगचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चिखल न धुता, गंज न घासता वरून फासलं तर ओल आतच कोंडते आणि पैसे देऊन पत्रा कुजतो. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. त्याआधीचं फुकटचं काम म्हणजे दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती दाभणानं मोकळी करायची. मामांच्या गाडीची सगळी बुजलेली होती.

तुमच्या पिकअपला डाग नाही म्हणता, तो वरून. एकदा मॅट उचला आणि काय दिसलं ते इथेच लिहा. पत्रा लख्ख निघाला तर तसंही लिहा, मी वरच चिकटवून ठेवीन.