कुलूप शाबूत, कोयंडा उचकटलेला

मे महिन्यात मराठवाड्यातलं कुठलंही वर्तमानपत्र इथे इंग्लंडमध्ये बसून उघडा, आतल्या पानावर तीच बातमी असते. कुटुंब लग्नाला गावी गेलेलं, बंद घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरटे आत शिरलेले, कपाटातले अमुक तोळे गेलेले. संभाजीनगरचा सातारा परिसर असो, लातूरचा औसा रोड असो की नांदेडचं तरोडा. पुढची चर्चाही ठरलेली: पोलीस गस्त घालत नाहीत, चौकात कॅमेरे बसवा, बाहेरून आलेल्यांवर नजर ठेवा. चोराने ज्या वस्तूवर हात टाकला, तिच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

इंग्लंडचे पोलीस फार कर्तबगार आहेत अशातला भाग नाही. इथल्या बहुतांश घरफोड्यांत कुणावरही आरोप ठेवला जात नाही. घरफोडी झालेल्या प्रत्येक घरी पोलीस जातील, असं वचन २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पोलीस प्रमुखांना जाहीरपणे द्यावं लागलं, यावरून काय ते समजा. तरीही १९९० च्या दशकाच्या मध्यापासून इंग्लंड-वेल्समधल्या घरफोड्या खूप घटल्या, आणि अभ्यासक त्याचं मोठं श्रेय सुधारलेल्या दार-खिडक्यांना आणि कुलपांना देतात. घरातल्या सामानाचा विमा काढताना दाराला पाच लिव्हरचं (म्हणजे आतल्या पाच पट्ट्या किल्लीने उचलल्याशिवाय न उघडणारं), ब्रिटिश मानक ३६२१ चं कुलूप आहे का, हे अनेक कंपन्या विचारतात. उत्तर खोटं निघालं तर भरपाई अडकते. ऑक्टोबर २०१५ पासून तर नव्या घराची दारं-खिडक्या चोराला सहज दाद न देणारी हवीत, ही अट इंग्लंडच्या बांधकाम नियमांतच आली.

आता आपलं दार जवळून बघा. बाजारातला साधा कोयंडा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा, चौकटीत अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूने बसवलेला. त्यात हजार रुपयांचं सात लिव्हरचं कुलूप अडकवलं तरी चोर कुलपाला हात लावत नाही. पट्टीमागे टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून एक झटका दिला की स्क्रू लाकडासकट बाहेर येतात. शिवाय बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कुणी नाही अशी लावलेली पाटीच. सकाळी सडा-रांगोळी नाही, नळाच्या पाण्याच्या दिवशीही दारात हालचाल नाही, आणि वर हे कुलूप.

उपाय सुताराच्या अर्ध्या दिवसाचा आहे. बाहेरची कडी काढून टाका आणि दाराच्या जाडीत बसणारं किंवा आतून लावायचं, जाड बोल्टचं कुलूप घ्या. बोल्ट निदान २० मिलिमीटर बाहेर यायला हवा. बिल्डर देतो ते नाईट लॅच नुसतं ओढून घेतलं तर त्याची स्प्रिंगची जीभ प्लास्टिकच्या पट्टीनेही सरकते, म्हणून जाताना किल्ली पूर्ण फिरवून बोल्ट टाकायचाच. चौकटीवर बोल्ट ज्यात शिरतो त्या पट्टीला तीन इंची स्क्रू मारा, म्हणजे ते लाकूड ओलांडून भिंतीत जातील. चौकट होल्डफास्टविना, म्हणजे तिला भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांविना, नुसत्या सिमेंटवर उभी असेल तर हे सगळं फुकट. दार दणकन ढकलून बघा, चौकट हलते का ते लगेच कळतं. भाड्याच्या घरात कडीच ठेवावी लागत असेल तर पाच-सहा मिलिमीटर जाडीची घ्या आणि दारातून आरपार नट-बोल्टने बसवा: गोल डोकं बाहेर, वायसर आणि नट आत.

दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीच्या पिना बाहेर राहतात. त्यांची टोकं वेल्ड करून घ्या.

पुढचं दार सागवानी आणि मागचं मोरीकडचं दार पत्र्याचं, ही आपल्याकडची जुनी खोड. गच्चीच्या जिन्याचं दार त्याहून हलकं. उन्हाळ्यात खालच्या खोल्या रात्रभर तापलेल्या, सगळं घर गच्चीवर झोपलेलं, कपाटाची किल्ली उशाखाली किंवा देव्हाऱ्यात आणि खालचं दार वाऱ्यासाठी उघडं: चोराला याहून काय हवं? गच्चीवर झोपायचंच, तर खालचं दार बोल्ट टाकून बंद करा आणि जिन्याच्या दाराला गच्चीच्या बाजूने कडी लावा. खिडकीचं ग्रील बाहेरून स्क्रूने बसवलेलं असेल तर ते बाहेरूनच निघतं. ते भिंतीत गाडलेलं हवं. नुसते उभे गज गाडीच्या जॅकने फाकतात, आडव्या पट्ट्या असल्या तर जमत नाही. एक ग्रील मात्र आतून उघडणारं ठेवा, आग लागली तर बाहेर पडायला.

कॅमेऱ्यांचं वेड आता गल्लोगल्ली आहे. दहा-बारा फुटांवर, छज्ज्याखाली लावलेला कॅमेरा चोराची टोपी दाखवतो, चेहरा नाही. प्रवेशाजवळचा एक तरी आठ फुटांच्या आसपास हवा. टीव्हीखाली ठेवलेला, चित्रण साठवणारा डीव्हीआर चोर टीव्हीआधी उचलतो, त्याला माळ्यावर कुलपात आणि इन्व्हर्टरवर ठेवा. दोन मेगापिक्सेलच्या चार कॅमेऱ्यांना साधारण दोन एमबीपीएसच्या दराने एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते, म्हणजे पंधरा दिवसांनी गावाहून परतलात तर पहिल्या रात्रीचं चित्रण पुसलेलं. डीव्हीआरचं घड्याळही तपासा. तासाभराचा फरक असला की ते चित्रण न्यायालयात वादाचा विषय होतं.

विम्याबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. २०२१ पासून सर्व कंपन्या विकतात त्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आग, पूर वगैरे येतात. साधी घरफोडी त्यात नाही, ती वेगळी घ्यावी लागते. त्यातही जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते, आणि ही अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ग्राह्य धरली आहे. गच्चीवर झोपून खालचं दार उघडं ठेवणाऱ्याने हे वाचून ठेवावं. बँकेचं लॉकर घरापेक्षा नक्कीच बरं, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमानुसार चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. तेवढ्यात आज किती तोळे येतात, ते सराफाला विचारा.

बाहेरून आलेल्यांवर नजर ठेवा, या सल्ल्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठार मारलं. ते भटक्या डवरी गोसावी समाजाचे होते. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याच्या गावांत रात्री ड्रोन दिसू लागले, तेव्हाही लोक काठ्या घेऊन जागत होते. संशय आला तर ११२ लावा, गाडीचा नंबर टिपा, आणि तिथेच थांबा.

आणि गणवेश नसलेल्या पोलिसाला भुलू नका. ‘काकू, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ असं कुणी म्हणालं की समजा तो ठग आहे. पुडी बांधून देताना तो ती बदलतो आणि घरी उघडल्यावर खडे निघतात. पोलीस कुणाला रस्त्यात दागिने काढायला सांगत नाहीत. लंडनमध्ये ई-बाईकवरून मोबाईल हिसकावतात, आपल्याकडे दुचाकीवरून मंगळसूत्र. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

चोरी झालीच तर पहिला अर्धा तास महत्त्वाचा. गल्ली आत शिरते, कपाट हाताळते, कुणीतरी पसारा आवरायला घेतं. मग ठसे घेणाऱ्यांना ठसे मिळत नाहीत आणि श्वान दारातच घुटमळतं. सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ लावा. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. दागिन्यांचे फोटो, वजनाची पावती आणि नव्या सोन्यावरचा सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक आधीच टिपून परगावच्या लेकी-सुनेकडे पाठवून ठेवा. घरातली वही बऱ्याचदा त्याच कपाटात असते.