रिंग फिरवली की तीन इंच उंची? कॉइलओव्हरच्या मेसेजमधलं खरं किती

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते असं: कुठल्याही फोर बाय फोरला कॉइलओव्हर बसतो, रिंग फिरवून तीन इंच उंची मिळते, काम दोन तासांचं, अलाइनमेंट लागत नाही, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) दगडापासून वाचतो, गाडी मऊ चालते आणि आरटीओची काही अडचण नाही. यातलं बहुतेक चूक आहे, आणि चोर्ल्याच्या वळणांवर कुटुंब घेऊन जाणाऱ्याला ते महागात पडू शकतं.

कुठल्याही गाडीला बसत नाही. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि तिच्या आत शॉकअब्सॉर्बर असं एकच युनिट. स्प्रिंग ज्या रिंगवर टेकते ती बाहेरच्या आट्यांवर फिरवून वरखाली करता येते. 2020 साली आलेल्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म, आणि कंपनीचंच असं युनिट आहे, त्यामुळे नवं युनिट त्याच बोल्टवर बसतं. त्याआधीच्या बहुतेक थारला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि मागे पाटे आहेत. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे दोन चाकं जोडणारा अखंड ॲक्सल, स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. तिथे कॉइलओव्हर घालायचा तर चासीवर टॉवर वेल्ड करावे लागतात. ते साध्या फिटिंगचं काम नाही.

आता रिंग, कारण सगळा घोळ इथेच आहे. युनिट खालच्या आर्मवर चाकाच्या बरंच आत बसतं. समजा ते आर्मच्या लांबीच्या 60 टक्क्यांवर आहे. मग रिंग 20 मिमी चढवली की चाकापाशी गाडी सुमारे 33 मिमी उचलते. तीन इंचांसाठी, म्हणजे सुमारे 75 मिमीसाठी, रिंग 45 मिमी चढवावी लागेल. पण ही उंची फुकट येत नाही. मूळ उंचीवर चाकाला खाली लटकायला समजा 90 मिमी जागा होती, तर आता उरली 15. स्पीडब्रेकर उतरताना किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत चाक खाली जाताना शॉक पूर्ण ताणला जाऊन ठण्‌कन आदळतो. ‘कडक झाली’ म्हणून जी तक्रार येते, ती बहुतेक वेळा या आदळण्याचीच असते. सरळ स्प्रिंगचा कडकपणा रिंगने बदलत नाही. तो तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि व्यास यांवर ठरतो.

जास्त लांबीचा शॉक घेतला तरी प्रश्न सुटत नाही. मग वरचा बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं, वरखाली झालं तरी ताकद पोचवणारा सांधा) कोनाच्या टोकाला जातात. त्याच्या रबरी आवरणाच्या, म्हणजे बूटच्या, घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडतं आणि जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी माती आत जाते. वळताना कटकट आवाज यायला लागला की जॉइंट गेला समजा. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला 40 ते 50 मिमीच्या वर जायचं असेल तर वरचे आर्म बदलण्याची तयारी ठेवा. उद्यमबागेत लेथवर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, उत्तम करून मिळतो, पण चढवलेल्या रिंगवर आणखी स्पेसर ठेवू नका.

दोन तासांत युनिट अडकवून होईल, काम होणार नाही. आधी सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेऊन लिहा. गाडी चासीखाली स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. एबीएसची वायर आणि ब्रेक होजचे क्लिप सोडा, स्टॅबिलायझरची लिंक दोन्ही बाजूंची काढा, वरचा बॉल जॉइंट सोडवा, मग खालचा बोल्ट आणि शेवटी वरचे नट. हब बाहेर लोंबू देऊ नका, होज ताणली जाते. जुनी स्प्रिंग शॉकवरून उतरवायची असेल तर स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय मधल्या नटाला पाना लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

एक चूक सर्रास होते. आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं लटकलेली असतानाच एअरगनने आवळले जातात. रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढेमागे हलवा आणि मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. लॉकनट नवे घाला. दीडदोनशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसते. तेव्हा मापं आणि बोल्ट पुन्हा तपासा.

अलाइनमेंट लागतेच. उंची बदलली की टो (चाकं पुढून आत-बाहेर वळणं) आणि कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर कलणं) हलतात, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) बहुधा कमी होतो. मग हायवेला स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, गाडी भटकते. कॅस्टरचा आकडाही मागून घ्या. नुसता टो जुळवून कागद देणारे बरेच आहेत. हेडलाइटही खाली करून घ्या, नाहीतर घाटात समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडतो.

मागच्या डिफरन्शियलचं तर अगदीच चूक. थारचा मागचा ॲक्सल अखंड आहे आणि डिफरन्शियल त्यातच आहे. स्प्रिंगने बॉडी वर जाते, ॲक्सल जिथे होता तिथेच राहतो. त्याला वर न्यायला मोठा टायरच लागतो. बंपर न घासता चढता-उतरता येतो तो चढाचा आणि उताराचा कोन मात्र वाढतो, तेवढं खरं.

मऊ की कडक हे वजनावर ठरवा. पुढे विंच आणि लोखंडी बंपर मिळून 60 किलो वाढले, म्हणजे एका चाकावर 30. वरच्याच उदाहरणात स्प्रिंग 100 न्यूटन प्रति मिमीची असेल तर चाकापाशी तिचा कडकपणा सुमारे 36 उरतो (60 टक्क्यांचा वर्ग, म्हणजे 0.36 पट), आणि 30 किलोने गाडी साधारण 8 मिमी बसते. एवढ्यासाठी जाडजूड स्प्रिंग घातली तर रोजच्या टिळकवाडी-कॅम्प फेऱ्यांत पाठ दुखेल.

आपल्याकडच्या पावसात आणि चिखलात टोकांना स्फेरिकल बेअरिंगपेक्षा रबर बुश असलेलं युनिट घ्या. बेअरिंगमध्ये माती शिरली की ते ढिलं पडून टकटक करतं. आट्यांवर ग्रीस थापू नका, माती चिकटते. पावसाळ्यानंतर नायलॉनच्या ब्रशने आटे साफ करा आणि रिंग फिरवण्याआधी चाक उचला, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे सोलले जातात.

शेवटचं आरटीओचं. मोटार वाहन कायदा, 1988 हा केंद्राचा आहे. केए-22 ची, म्हणजे बेळगावची, गाडी महाराष्ट्रात चंदगडला नेली किंवा गोव्यात, तो बदलत नाही. कलम 52 प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून युनिट विकत घेण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच ठेवा. मूळ युनिटं भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा वॉरंटीचा वाद निघाला तर तीच परत बसवावी लागतात.