पिलात हात घालू नये

"होंडुरासला? एकटी? आणि राहणार लॉजवर?" तीन प्रश्न, तीन नातेवाईक, सूर एकच. त्यांना तरी काय बोलणार! २०११-१२च्या सुमारास सान पेद्रो सुला हे तिथलं शहर खुनांच्या आकडेवारीत जगात पहिलं होतं, आणि असली बातमी एकदा डोक्यात बसली की उठायचं नाव घेत नाही. मी त्याच शहराच्या विमानतळावर उतरले, बसने चारेक तास डोंगर चढले आणि ग्वातेमालाच्या सीमेजवळच्या कोपान रुइनास नावाच्या एवढ्याशा गावात पाच रात्री राहिले.

बस थांब्यावर पहिली दिसली ती लाल रिक्षा. बजाज! तिकडे तिला मोतोताक्सी म्हणतात. वाळूजच्या कारखान्यातून निघालेली ही बया दगडी चढावर तश्शीच कण्हत होती.

माझा मुक्काम होता एका 'ओस्पेदाहे'त, म्हणजे घरगुती, स्वस्त गेस्टहाउसमध्ये. रात्रीचे ४०० लेंपिरा, साधारण सोळा डॉलर. मधे अंगण, भोवती सहा खोल्या, एक हॅमॉक. मालकीणबाई सत्तरीच्या. सगळे त्यांना आदराने 'दोन्या' म्हणत, म्हणून मीही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. प्रवासाच्या ग्रुपांवर आपण लोक जागेला गुण कसे देतो बघा: टीव्ही आहे का, नाश्ता धरून आहे का, गरम पाणी चोवीस तास आहे का. या घराला त्या हिशेबात दोनच तारे मिळतील. टीव्ही नाही. गरम पाणी म्हणजे शॉवरच्या तोंडालाच बसवलेला विजेचा हीटर, वर उघड्या वायरी. नळाला बोट लावलं तर बारीक झिणझिण्या आल्या. (हे वाईटच. त्याचं कौतुक मी करणार नाही.) तरीही मला वाटतं, पाहुण्याला सारखं खूश करायला न धावणारं घर ही चैन आहे, आणि ती महागड्या हॉटेलात मिळत नाही.

अंगणात पिला होती. तिकडे घरोघरी असते. मधे सिमेंटचा खोल हौद, बाजूला रेघारेघांचा उतरता ओटा, कपडे घासायला. नळाला पाणी येईल तेव्हा हौद भरून ठेवायचा, वापरताना वाडग्याने काढून घ्यायचं. पहिल्या सकाळी मी साबणाचे हात सरळ हौदात बुडवले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "नो, मिहा!" मिहा म्हणजे पोरी. दोन्या आल्या, वाडगं माझ्या हातात दिलं आणि कोपर धरून मला ओट्याकडे सरकवलं. माठात उष्टा पेला बुडवला की आजी अशीच कोपराला धरायची. हॉटेलात कुणी रागावतं का हो आपल्याला?

तिसऱ्या दिवशी पाणी गेलं. "फीहेसे के…" दोन्यांनी सुरुवात केली. या शब्दांनी तिकडे प्रत्येक वाईट बातमी सुरू होते. आपलं "त्याचं काय झालं ना…" अगदी तस्संच. शेजारच्या खोलीतला जर्मन मुलगा बादलीकडे बघत उभा राहिला. मी आंघोळ उरकून बाहेर आले तरी तो उभाच!

शांत जागा म्हणजे आवाज नाही असं समजू नका. चारला कोंबडे, मग चर्चची घंटा, मग तळहातांवर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, थापल्याचा आवाज. शांत एवढ्याच अर्थाने की आज काय काय बघणार, असं कुणी विचारत नाही.

त्यामुळे प्राचीन माया लोकांच्या नगराचे अवशेष मी दोनदा पाहिले. गावापासून चालत वीसेक मिनिटं. पहिल्यांदा सगळे पाहतात तसे, धावत. दुसऱ्यांदा मात्र एका चौकोनी दगडापाशीच तासभर बसले. चार बाजूंना चार-चार असे सोळा राजे, पहिला राजा सोळाव्याच्या हाती सत्तेची खूण देतोय. हे खगोलतज्ज्ञांचं संमेलन आहे असं जुने अभ्यासक समजत होते! बावीसशेच्या आसपास चित्रलिपीची चिन्हं कोरलेला तो प्रसिद्ध जिनाही तसाच. १९३०च्या दशकात ढासळलेले दगड परत बसवले, पण लिपी तेव्हा वाचता येत नव्हती, म्हणून बराचसा मजकूर उलटसुलट लागला. ग्वातेमालाहून एका दिवसाची सहल करणाऱ्यांना त्या जिन्यासमोर फोटोपुरता वेळ मिळतो. डोक्यावरून लालभडक मकाव पोपट कर्कश ओरडत जातात तेही त्यांना बसमध्ये चढताना ऐकू येत असेल.

संध्याकाळी चौकात बालेआदा खायची. मैद्याच्या जाडसर पोळीत राजम्यासारख्या लाल घेवड्याचा वाटून परतलेला लगदा, वर साय आणि खारट चीज. लिंबू मागितलं तर गाडीवालीने चमकून पाहिलं, पण दिलं.

निघताना शेवटच्या रात्रीचा हिशेब झाला, मी पाचशेची नोट दिली. माझे शंभर परत यायचे होते. दोन्यांनी डबा उघडला, मिटला. "फीहेसे के…" मी हसलेच. मग त्याही हसल्या. शंभराच्या बदल्यात त्यांनी भाजलेल्या कॉफीची पुडी बांधून दिली. बरणीत आता दोन चमचे उरलीय.